पोट गरम, पावलं गार

आईबाबांनो, पौषातली पहाट गडचिरोलीतल्या हेमलकशात काढायची तर शेकोटीवाचून सुटका नाही. चहूकडे जंगल, जवळच भामरागडला तीन नद्यांचा संगम. १९७३ साली लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा इथल्या माडिया आदिवासींच्या अंगावर धड कपडा नव्हता. ते पाहून प्रकल्पाचे डॉ. प्रकाश आमटे बनियन आणि हाफपँटवर आले, ते कायमचे. माडियांकडे तेव्हा पांघरूण नाही म्हणून रात्रभर जाळ, आणि जाळालगत निजलेलं लेकरू कूस बदलता बदलता निखाऱ्यावर!

निखाऱ्याची ऊब बाळाच्या कामाची नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवायची आपली जुनी रीत. पण दारं-खिडक्या लावून कोळसे धुमसले की कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला वासही नसतो.

मग ऊब कुठली? तुमच्याच अंगाची. बाळाला लंगोट नि टोपडं तेवढं ठेवून उघड्या छातीवर उभं धरा, वरून दोघांना मिळून एक शाल. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली काचपेट्या (इन्क्युबेटर) अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी हाच मार्ग धरला. बाबांनाही हे जमतं. मिशा आड येत नाहीत.

गडचिरोलीतच डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायांना घरच्या घरी नवजात बाळ सांभाळायला शिकवलं. तान्ह्यासाठी उबदार पिशवीही दिली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. ही किमया एकट्या पिशवीची नव्हे; स्तनपान, स्वच्छता, वेळेवर औषध, सगळ्यांची मिळून.

बाळाला थंडी वाजतेय का, हे कसं ओळखाल? हाताच्या पाठीने आधी पोट चाचपा, मग पावलं. दोन्ही गरम असली तर ठीक. पोट गरम नि पावलं गार, तर लगेच छातीशी घ्या. जन्मल्याबरोबर न्हाऊ घालायची घाई नको. किमान एक दिवस थांबा. आणि जड गोधडी तोंडावर येऊ देऊ नका.

रांगत्या-धावत्या पोराला एका जाड स्वेटरपेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर बरे. घामेजलं तर एक उतरवता येतो.

पोट आणि पावलं दोन्ही गार लागली, बाळ दूध ओढेना, मलूल पडलं, किंवा दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेऊ लागलं, तर उजाडायची वाट पाहू नका. छातीशी बांधा आणि तसंच दवाखाना गाठा.