‘डू द नीडफुल’ म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न: तारापूर एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यात डिस्पॅच बघतो. परदेशी ग्राहकाला इंग्रजीत मेल लिहिताना हात थबकतो. काय करू? (एक वाचक, बोईसर)

उत्तर: आधी ‘काइंडली डू द नीडफुल’ सोडा. आपल्याकडे चालतं ते, पण परदेशातल्या माणसाला नेमकं काय करायचं ते कळत नाही. ‘प्लीज सेंड द साइन्ड कॉपी बाय फ्रायडे’ लिहा. काम आणि मुदत दोन्ही आली. ‘रिव्हर्ट’चा तिकडे रूढ अर्थ पूर्वस्थितीला जाणं, म्हणून ‘रिप्लाय’ बरा. ‘प्रीपोन’ मला स्वतःला फार आवडतो, पण तो आपल्या घरचा. बाहेर ‘ब्रिंग फॉरवर्ड’. आणि ‘आय हॅव अ डाउट’ लिहिलंत, तर समोरच्याला वाटेल तुमचा विश्वासच नाही. तिथे ‘क्वेश्चन’ लिहा. ग्राहकाच्याच मेलमधली चांगली वाक्यं वहीत उतरवा, डहाणू लोकलमध्ये चाळायला.