कमानपाटा तुटतो तेव्हा

अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी या दोन मोटारींनी भारतीय रस्त्यांवर कित्येक दशके काढली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले आणि मुंबईची अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये सेवेतून गेली. तरीही हौसेने जपलेल्या अशा गाड्या आजही दिसतात. दोन्हींच्या मागच्या चाकांवरचा भार कमानपाटे पेलतात. मालमोटारींतही हीच रचना असल्याने कमानपाट्याची दुकाने महामार्गांलगत जागोजागी आढळतात.

कमानपाटा म्हणजे पोलादाच्या लवचीक पट्ट्यांची चळत होय. सर्वांत लांब पट्टीला मुख्य पाटा म्हणतात. तिची दोन्ही टोके वळवून डोळे केलेले असतात. पुढचा डोळा सांगाड्याला बोल्टने जखडलेला असतो. मागचा मात्र शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला टांगतात, कारण भार पडून कमान सपाट झाली की तिची लांबी वाढते. मधोमध सेंटर बोल्ट सर्व पाटे एकत्र ठेवतो आणि यू-बोल्ट त्यांना एक्सलशी घट्ट आवळतात. या गाड्यांत एक्सलला जागेवर धरून ठेवण्याचे कामही पाटेच करतात. म्हणूनच मुख्य पाटा तुटणे ही केवळ गैरसोयीची बाब नव्हे. तो पुढच्या बाजूला तुटला, तर त्या बाजूचे चाक मागे सरकते, गाडी तिरकी धावू लागते आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो. अशी गाडी चालवत दुकानापर्यंत नेण्याचे धाडस करू नये. ती उचलून न्यावी.

निदानास प्रारंभ डोळ्यांनीच होतो. गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करावी, दोन्ही टायरांतील हवा सारखी करावी आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजावे. एक बाजू स्पष्टपणे खाली असेल, तर संशय पाट्यावर जातो. पुष्कळदा अशा वेळी शॉक ॲब्सॉर्बर बदलला जातो आणि पैसे वाया जातात. शॉक ॲब्सॉर्बर झोके शमवतो, भार पेलत नाही. तो निकामी झाल्यास गाडी हेलकावते, पण एका अंगाला कलत नाही. खड्ड्यात ठणका ऐकू येत असेल, तर झिजलेले बुशही तपासावेत.

त्यानंतर पाटे तारेच्या ब्रशने घासून पाहावेत. भेग सहसा डोळ्याजवळ किंवा सेंटर बोल्टच्या छिद्रापाशी सापडते. तुटलेला भाग हाती आला, की त्याचे तोंड बरेच काही सांगते: गंजून काळवंडलेला भाग जुन्या भेगेचा, तर चकचकीत, खरबरीत भाग अखेरच्या क्षणी तुटल्याचा. छिद्रापाशी तुटण्याचे कारण बहुधा सैल यू-बोल्ट असते. आवळ सुटली, की मधला भागही वाकू लागतो आणि छिद्रामुळे दुबळी झालेली जागा आधी हार मानते.

पाटा उतरवताना खरी भीती गाडीच्या वजनाची असते. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो आणि इंजिनाची शक्तीही मागेच जाते. तीच चाके उचलल्यावर ब्रेक आणि गिअर दोन्ही निरुपयोगी ठरतात. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून अडणी लावावी. चाकाचे नट आधीच किंचित सैल करावेत. एक्सलखाली जॅक लावून गाडी उचलावी, सांगाड्याखाली भक्कम घोड्या ठेवाव्यात आणि भार त्यांच्यावर येईपर्यंत जॅक हलके उतरवावा. तो एक्सलच्या आधारासाठी तसाच ठेवावा, अन्यथा एक्सल ब्रेकच्या नळीला लोंबकळेल. विटांच्या थप्पीवर गाडी टेकवून खाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. मग चाक, शॉक ॲब्सॉर्बरचे खालचे टोक, यू-बोल्ट, शॅकल आणि शेवटी पुढच्या डोळ्याचा बोल्ट या क्रमाने जोडण्या सोडवाव्यात.

नवा पाटा पुढच्या डोळ्यापासून बसवतात. सेंटर बोल्टचे डोके एक्सलवरील बैठकीच्या छिद्रात नेमके बसल्याची खात्री करूनच नवे यू-बोल्ट आळीपाळीने आवळावेत. डोळ्यांचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर टेकल्यावरच पक्के करावेत. हवेत असताना आवळल्यास रबरी बुश कायमचे पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात.

तुटलेला पाटा वेल्डिंगने सांधण्याचा मोह स्वस्ताईमुळे होतो. पाट्याच्या पोलादाला ठरावीक तापमानाचे पाणी दिलेले असते. वेल्डिंगच्या उष्णतेने ते उतरते आणि सांध्याशेजारीच पाटा पुन्हा तुटतो. भट्टीत लाल करून नुसता ठोकलेला जुना पाटाही थोड्याच दिवसांत बसतो. एकच बाजू बदलली, तर नवी उंच आणि जुनी बसकी राहते. म्हणून खर्च दुप्पट झाला तरी जोडीच बदलणे रास्त. काही शे किलोमीटर धावल्यानंतर पाटे एकमेकांवर नीट बसतात आणि यू-बोल्ट थोडे सैल होतात. त्या वेळी ते पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.