घारापुरीचें बेट

आमच्या नवी मुंबईस लागून असलेल्या उरणच्या मोरा बंदरावर उभें राहिलें, कीं उत्तरेस दोन टेकड्यांचें एक हिरवें बेट दिसतें. तेंच घारापुरी. मोठ्यानें हाक मारली तर तेथें ऐकूं जाईल असें वाटावें, इतकें तें जवळ भासतें. परंतु मुंबईचे दिवे रोज रात्रीं पाहणाऱ्या या बेटास वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्यें, समुद्रतळावरून साडेसात किलोमीटर लांबीची तार आणल्यावर. तोंपर्यंत तेथील मुलांस डिझेलच्या यंत्रावर संध्याकाळच्या थोड्या तासांपुरताच उजेड मिळे.

लेणीं सर्वांस ठाऊकच आहेत. १९८७ सालीं तीं जागतिक वारशांत गणलीं गेलीं. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनीं बेटास एलेफंटा हें नांव दिलें, तो आतां मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारांत उभा आहे. या खेपेस आमचें लक्ष मात्र झाडांकडे व प्राण्यांकडे होतें.

चैत्रांतील एका सकाळीं आम्ही होडीनें निघालों. ओहोटी लागली होती. किनाऱ्याच्या चिखलांत तिवरांच्या भोंवतीं पेन्सिलींसारखे शेंकडों कोंब वर आलेले दिसले. ते कोंब नव्हेत, मुळें होत! खाडीच्या चिखलांत हवा शिरत नाहीं. म्हणून हीं मुळें खालीं जाण्याऐवजीं वर येतात आणि ओहोटीच्या वेळीं श्वास घेतात. शेजारींच निवटी मासे परांवर रांगत होते. आमच्यापैकीं एकानें त्यांस बेडूकच ठरविलें.

शेतबंदर, मोराबंदर व राजबंदर हीं येथील तीन गांवें. मासेमारी, होड्यांची डागडुजी आणि पावसाळी भात हे जुने उद्योग. आतां पुष्कळ घरें पाहुण्यांच्या येण्यावर चालतात. लेण्यांच्या पायऱ्यांवर एक मावशी कैऱ्या, चिंचा व ताडगोळे घेऊन बसल्या होत्या. ताडाच्या एका कोंवळ्या फळांत बहुधा तीन गोळे निघतात, आणि तें फळ उतरविण्यास सरळसोट बुंध्यावर चढावें लागतें, हें त्यांनींच आम्हांस सांगितलें.

इतक्यांत आमच्यांतील एकानें हौसेनें एका माकडास बिस्किट दिलें. क्षणांत दहाबारा माकडें उतरलीं. पुडा गेला आणि मावशींची टोपलीही उलथली.

"बाबांनो, तुम्ही संध्याकाळीं घरीं जाल. हीं कुठें जातील? आमच्याच कौलांवर येतात."

आवाजांत राग नव्हता. तो असता तर आम्हांस बरें वाटलें असतें. आम्हीं वर्गणी काढून पैसे पुढें केले. त्यांनीं नासलेल्या ताडगोळ्यांचे तेवढेच घेतले आणि उरलेल्या चार कैऱ्या मीठतिखट लावून आमच्या हातीं ठेवल्या. रानांतील फळें, पानें व किडे यांवर माकडाचें पोट भरतें. माणसाच्या हातचें गोड मिळूं लागलें कीं तें झाड सोडून वाटेवर येऊन बसतें. हें आम्हीं पुस्तकांत पूर्वींच वाचलें होतें.

परततांना भरती येत होती. सकाळीं जीं मुळें आम्हीं मोजलीं, तीं पाण्याखालीं गेलीं होतीं. बिस्किट देणारा आमचा सोबती होडीच्या टोंकास बसून, हातांतील कैरी न खातां, बेटाकडे पाहत होता.