पाऊस यायच्या आधी घरावर किती खर्च करावा? बिबवेवाडीकरांसाठी हिशेब

२०२५ साली मोसमी पाऊस पुण्यात २६ मे रोजीच दाखल झाला. ‘जूनच्या पहिल्या आठवड्यात गच्चीचं काम उरकून घेऊ’ म्हणणाऱ्यांना त्या वर्षी सवडच मिळाली नाही. त्यात एप्रिल-मेमध्ये वळीव कधीही येतो आणि अर्धवट सुकलेल्या कोटिंगची वाट लावतो. म्हणून ओलं काम, म्हणजे गच्ची, प्लास्टर, भेगा, हे मार्च ते एप्रिलच्या मध्यापर्यंत संपवायचं. मेमध्ये फक्त साफसफाई आणि तपासणी शिल्लक ठेवायची. मेच्या मध्यावर सगळ्या सोसायट्यांना एकदमच जाग येते. तेव्हा गवंडी मिळत नाही आणि मिळाला तर भाव तो सांगेल तो.

बिबवेवाडीतल्या घरांचे ढोबळ तीन प्रकार. एक, लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली जुन्या सोसायट्या. दोन, बंगले आणि रो-हाऊस. तीन, अप्पर-सुपर इंदिरानगरच्या उतारावरची पत्र्याची किंवा अर्धा स्लॅब-अर्धा पत्रा अशी घरं. तिन्हींना पाऊस दोन तऱ्हांनी गाठतो. जुलै-ऑगस्टची भुरभुर पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर दिवसचे दिवस भिंतीवर आपटत राहते. भिंत कोरडी होतच नाही आणि आत ओल उमटते. सप्टेंबर-ऑक्टोबरचा गडगडाटी पाऊस तासाभरात धो-धो कोसळतो. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर दक्षिण पुण्यात कुणी विसरलेलं नाही. पहिल्या पावसाला भिंतीतली केसासारखी भेग पुरते, दुसऱ्याला तुंबलेली एक जाळी.

म्हणून खर्चाचा क्रम ठरलेला असावा: आधी पाण्याला बाहेर जायची वाट, मग सांधे आणि भेगा, मग कोटिंग, आणि रंग सगळ्यात शेवटी. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो, आणि तिथेच पैसे वाया जातात.

पुढचे दर सामान आणि मजुरी धरून ढोबळ अंदाजाने दिले आहेत. मजला, परांची आणि कामाचा आकार यांनुसार ते वरखाली होतील. तीन ठिकाणी विचारल्याशिवाय काम देऊ नका.

पाण्याची वाट : सगळ्यात स्वस्त काम

हजार चौरस फुटांच्या गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर साधारण ४,६०० लिटर पाणी साचतं. ते सगळं दोन-तीन पाइपांतून खाली जायचं असतं. त्या पाइपांच्या तोंडाशी जाऊन एकदा खाली वाकून बघा: कबुतराची पिसं, कुंडीतली माती, गुटख्याच्या पुड्या, डिशवाल्याने टाकलेले वायरचे तुकडे, आणि जाळी असलीच तर ती उचकटून बाजूला पडलेली. प्रत्येक तोंडाला घुमटाकार जाळी बसवा. ती ₹१०० ते ₹३०० ला मिळते. मग बादलीभर पाणी ओता आणि ते खाली किती वेळात पोचतं ते पाहा. पाइप तुंबला असेल तर प्लंबर एका पाइपाचे ₹५०० ते ₹१,५०० घेईल.

पाइपामागे किंवा छज्ज्याच्या बेचक्यात पिंपळाचं रोप उगवलं असेल, तर ते नुसतं छाटू नका. मूळ आत राहतं आणि पावसात भेग आणखी रुंदावते. मूळ खणून काढून, तिथे औषध लावून, खाच पॉलिमर मॉर्टरने भरून घ्यावी लागते. एका जागेचे ₹५०० ते ₹१,५०० पुरतात. वरच्या मजल्याला बाहेरून दोर लावून माणूस उतरवायचा असेल तर जास्त.

सोसायटीत पर्जन्यजल संधारणाची व्यवस्था असेल, तर फिल्टरमधली वाळू-खडी याच वेळी धुऊन घ्या. हे काम दोन बिगाऱ्यांचं, एका दिवसाचं. पुणे महापालिका सौरऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण यांसारखे प्रकल्प असलेल्या मिळकतींना करात ५ ते १० टक्के सवलत देते. पण प्रकल्प चालू असायला हवा. गाळाने बुजलेला खड्डा सवलत टिकवत नाही.

गच्ची : कोटिंग की कोबा?

सगळ्यात मोठी रक्कम इथे जाते आणि सगळ्यात जास्त फसगतही इथेच होते. आधी दोन चाचण्या करा. दोन्ही फुकट आहेत.

पहिली ठोकण्याची. हातोडीचा दांडा घेऊन गच्चीभर दोन-दोन फुटांवर ठोका. जिथे बद्द आवाज येतो तिथे खडूने गोल करा. तिथे कोबा खालच्या थरापासून सुटलेला आहे.

दुसरी पाण्याची. पाइपांची तोंडं बंद करून, गच्चीचे भाग पाडून, एका भागात दोन इंच पाणी ४८ तास साठवा आणि खालच्या फ्लॅटचं छत बघा. मग दुसरा भाग. गळती नेमकी कुठली हे यातूनच कळतं. ‘सगळीच गच्ची करावी लागेल’ हे ठेकेदाराचं म्हणणं तपासायला हाच उपाय.

खडूचे गोल मोजकेच असतील, तर तेवढे भाग फोडून भरा, गच्ची आणि कठडा मिळतात त्या कोपऱ्यातली गोलाई दुरुस्त करा आणि वर ॲक्रिलिक कोटिंगचे दोन-तीन हात द्या. चौरस फुटाला ₹२५ ते ₹६०. हे तीन ते पाच वर्षं टिकतं. पॉलीयुरेथेन कोटिंग ₹६० ते ₹१२०. ते जास्त लवचीक असतं, त्यामुळे उन्हाने आकसणाऱ्या-प्रसरणाऱ्या स्लॅबला बरं पडतं.

निम्म्याहून जास्त गच्ची बद्द वाजत असेल, तर कोटिंगवर पैसे घालू नका. पहिल्याच मोसमात ते उचलून येईल. तिथे जुना कोबा काढून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा आणि वर चायना मोझॅक घालावं लागतं. जुना काढून राडारोडा वाहून नेण्याचे ₹२५ ते ₹४०, नव्याचे ₹११० ते ₹१८०. नीट उतार काढून केलेलं काम दहा-पंधरा वर्षं बघावं लागत नाही.

एक गोष्ट मात्र अजिबात मान्य करू नका: जुन्या कोब्यावर नवा कोबा. साडेचार इंच जाडीच्या कोब्याचं वजन चौरस फुटाला साधारण २० किलो होतं. तीन हजार फुटांच्या गच्चीवर तो दुसऱ्यांदा चढवला, तर जुन्या इमारतीच्या डोक्यावर ६० टन नवं ओझं येतं. ठेकेदाराचा फोडायचा त्रास वाचतो, भार मात्र कॉलमवर जातो.

सोळा फ्लॅटची सोसायटी आणि तीन हजार फुटांची गच्ची धरा. ₹४० दराने कोटिंग केलं तर एक लाख वीस हजार, म्हणजे फ्लॅटमागे ₹७,५००. ₹१८५ दराने कोबा काढून नवा घातला तर पाच लाख पंचावन्न हजार, फ्लॅटमागे सुमारे ₹३४,७००. हा फरक एवढा मोठा आहे की ठोकून पाहण्यात घालवलेली एक सकाळ सोसायटीचे चार लाख वाचवू शकते.

भिंती, खिडक्या आणि रंग

पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या भिंती आधी बघा. विटांची भिंत बीम-कॉलमला जिथे मिळते तिथे उभी-आडवी भेग दिसते. त्यातूनच पाणी आत येतं. भेग खाच करून रुंदावायची, भरायची, जाळीची पट्टी लावायची आणि मग बाहेरचा रंग. परांचीसह बाहेरून भेगा भरून रंग देण्याचा दर चौरस फुटाला ₹१८ ते ₹३५. नुसती वरून लांबी फासून रंग दिला, तर ऑगस्टमध्ये भेग पुन्हा दिसेल.

खिडकीचं काम घरच्या घरी होण्यासारखं आहे. स्लायडिंगच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने पाणी जायची बारीक छिद्रं असतात. ती मातीने बुजली की पाणी पट्टीत भरून आत सांडतं. जुना ब्रश आणि सुई एवढ्यावर भागतं. चौकट आणि भिंत यांच्यातल्या फटीला बाहेरून सिलिकॉन भरा. एक नळी ₹२०० ते ₹४०० ला मिळते आणि एक-दोन खिडक्यांना पुरते. फट पूर्ण कोरडी हवी.

आतल्या भिंतीला पोपडे आले की दिवाळीआधी रंग काढायची आपल्याकडे रीत आहे. पण पावसाचं पाणी प्यायलेली भिंत तेव्हा बऱ्याचदा ओलीच असते. हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले तर रंग पुढे ढकला. ओल कुठून येते ते न शोधता ‘डॅम्प-प्रूफ’ रंगाचे दोन हात मारणं म्हणजे ओल झाकणं. ती शेजारून फुटते.

पत्र्याचं छप्पर

पत्रा गळतो तो बहुधा खिळ्याच्या जागी आणि दोन पत्रे एकावर एक येतात त्या जोडाला. जे-हुकाखालचे वायसर उन्हाने कडक होऊन तडकतात. तेवढे बदलले तरी निम्मी गळती थांबते. दोनशे फुटांच्या छपराला सामान-मजुरी मिळून ₹१,५०० ते ₹३,०००. गंजून चाळण झालेला पत्रा बदलायचा असेल, तर रंगीत लेपाच्या नव्या पत्र्याला बसवून चौरस फुटाला ₹७० ते ₹१२०. ताडपत्री आणि हार्डवेअरचं सामान घाऊक घ्यायचं तर रविवार पेठेतली बोहरी आळी अजूनही सोयीची. कडेच्या पत्र्यांवर नुसते दगड ठेवून भागवू नका. वाऱ्याने दगडच खाली येतो. पत्रा हुकानेच बांधा.

वीज आणि टाक्या

स्विचबोर्डाच्या भिंतीला ओल असेल तर पहिला फोन इलेक्ट्रिशियनला करा, रंगाऱ्याला नंतर. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे का बघा. आपल्याकडे सगळे त्याला ईएलसीबी म्हणतात. त्यावरचं ‘टी’ बटण दाबल्यावर वीज गेली पाहिजे. नाही गेली, किंवा आरसीसीबीच नसेल, तर बसवून ₹२,५०० ते ₹४,०००. सोसायटीच्या मीटर रूममध्ये पाणी शिरत असेल तर बाहेरचं काम सोसायटीचं. मीटरपर्यंतच्या तक्रारीला महावितरणचा १९१२ क्रमांक आहे.

गच्चीवरची हजार लिटरची टाकी धुण्याचे ₹६०० ते ₹१,०००, जमिनीखालच्या टाकीचे आकारानुसार ₹२,५०० ते ₹५,०००. झाकण आणि ओव्हरफ्लोच्या तोंडाची बारीक जाळी तेव्हाच बघा. डासांच्या अळ्या सापडल्या तर महापालिका सोसायटीला दंड करते.

सीमाभिंत आणि जुनी इमारत

बिबवेवाडीला उतार आहे, त्यामुळे बऱ्याच सोसायट्यांची सीमाभिंत एका बाजूने मातीचा भार पेलते. २९ जून २०१९ ला शेजारच्या कोंढव्यात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा जीव गेला. चारच दिवसांत आंबेगावातही तसंच घडलं. भिंतीच्या तळाशी माती धरून ठेवणाऱ्या बाजूचं पाणी बाहेर पडायला ठेवलेली छिद्रं मोकळी आहेत का, भिंत बाहेर कलली आहे का, मुळाशी कुणी खणलंय का, एवढं तरी डोळ्यांनी बघा. शंका आली की स्ट्रक्चरल इंजिनिअर. एका पाहणीचे ₹३,००० ते ₹८,०००. पलीकडे झोपड्या असतील तर तिथल्या लोकांनाही सांगा.

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट पाच वर्षांतून एकदा, त्याहून जुनीचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. सोळा-वीस फ्लॅटच्या इमारतीला चाचण्या किती, यावर ₹३०,००० ते ₹८०,००० लागतात. धोकादायक फांद्या तोडायला महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. अर्ज एप्रिलमध्येच द्या.

खर्च कोणाचा?

वरच्या मजल्यावरचे आणि सोसायटी यांच्यातलं अर्धं भांडण इथेच असतं. आदर्श उपविधींप्रमाणे गच्ची, कठडे, सीमाभिंत, बाहेरचे सामाईक पाइप आणि पावसाच्या पाण्याने होणारी गळती यांची दुरुस्ती सोसायटीने करायची. त्यासाठीच बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधी आणि पाव टक्का सिंकिंग फंड गोळा करायचा असतो. ‘गळतंय तुमच्याकडे, तुम्हीच करा’ हे उत्तर नियमात बसत नाही. मात्र वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्या छताला ओल आली तर तो त्या दोन सदस्यांचा विषय आहे.

कोटेशन घेताना

दर चौरस फुटात आणि मोजमाप दोघांनी मिळून करायचं, असं लिहून घ्या. कोणत्या कंपनीचं कोणतं साहित्य आणि किती थर, हे नावानिशी हवं. कोब्याला पाणी मारायला टँकर लागला तर पैसे कोणाचे, राडारोडा कोण उचलणार, हेही लिहा. जीएसटी धरून की सोडून, ते विचारा; सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, जुन्या दराचं कोटेशन चालवून घेऊ नका. आगाऊ रक्कम २०-३० टक्क्यांच्या वर नको, आणि दहा टक्के रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा.

वरच्या मजल्यावरच्या टू-बीएचकेवाल्याला जाळ्या, सिलिकॉन, आरसीसीबी आणि एखाद-दुसरी भेग यांसाठी स्वतःच्या खिशातून साधारण आठ ते बारा हजार धरावे लागतील. बाकीचं सोसायटीच्या सभेत मागायचं. त्यासाठी विषय मार्चआधी अजेंड्यावर यायला हवा आणि सचिवांना द्यायच्या लेखी अर्जासोबत छताच्या ओलीचे तारखेसह फोटो हवेत. ते फोटो जुलै-ऑगस्टमध्येच काढून ठेवा. मार्चमध्ये छत कोरडं असतं आणि कुणी विश्वास ठेवत नाही.