'बेबी ऑन बोर्ड' : ही पाटी वाचायची कुणी?



मंडळाच्या गणेशोत्सवाला याल तेव्हा पार्किंग लॉटमधून एक चक्कर मारून पाहा. कितीतरी गाड्यांच्या मागच्या काचेवर एका कोपऱ्यावर उभी केलेली पिवळी चौकोनी पाटी दिसेल : 'बेबी ऑन बोर्ड', म्हणजे गाडीत बाळ आहे. घरात बाळ आले की कुणीतरी मित्र ही पाटी भेट देतोच. मी डॉक्टर नाही. व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि दोन वर्षांच्या मुलीचा बाप. पण कुठलीही गोष्ट नेमकी काय काम करते हे पाहण्याची सवय शिक्षणाने लागली आहे, म्हणून या पाटीचाही हिशोब मांडून पाहिला. तो आपल्यापुढे ठेवतो.

पाटी आली कुठून?

अमेरिकेत ही पाटी १९८४ साली बाजारात आणली ती मॅसॅच्युसेट्समधील मायकेल लर्नर यांच्या 'सेफ्टी फर्स्ट' या कंपनीने. नात्यातल्या एका लहान मुलाला गाडीतून घरी सोडायला जाताना मागच्या गाड्यांची घाई आणि घुसाघुशी त्यांना जाणवली, अशी त्यामागची हकिगत ते सांगत. पाटी बघता बघता देशभर पसरली. मग थट्टाही सुरू झाली. 'सासूबाई डिकीत आहेत' अशा अर्थाच्या पाट्याही तेव्हा लोकांनी काचांवर लावल्या होत्या!

तो काळही लक्षात घ्या. लहान मुलांना कारसीटमध्ये बसवण्याचा कायदा सर्वप्रथम टेनेसी राज्याने केला आणि तो १९७८ पासून अमलात आला. १९८५ पर्यंत सर्व ५० राज्यांत असे कायदे झाले. म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचा विचार घरोघरी पोहोचत होता, त्याच वेळी ही पाटी आली.

एक गैरसमज

आपल्यात अनेकांना वाटते की ही पाटी अपघातानंतर मदतीला येणाऱ्या अग्निशामक दलासाठी असते : मोठी माणसे बेशुद्ध असली, तरी गाडीत बाळ आहे हे त्यांना कळावे. अशाच एका अपघातात बाळ शोधायचे राहून गेले आणि त्यावरून पाटी निघाली, अशी करुण कथाही सांगितली जाते. ती खरी नाही. पाटी निघाली ती मागच्या चालकाने सांभाळून चालवावे म्हणून. शिवाय थोडा विचार करा. बहुतेक गाड्यांवर ती बाळ घरी असतानाही लटकत असते, आणि बाळ असलेल्या अनेक गाड्यांवर ती नसतेच. अशा खुणेवर मदत करणारा विसंबणार कसा? त्याला पूर्ण गाडी तपासावीच लागते.

थोडे गणित

आता मागच्या चालकाचे पाहू. रस्त्यावरच्या पाट्यांसाठी इथे एक ठोकताळा वापरतात : अक्षर १ इंच उंच असेल तर ते सुमारे ३० फुटांवरून वाचता येते. आपल्या पाटीवरची अक्षरे फार तर इंचभर. म्हणजे ती वाचायला मागची गाडी ३० फुटांवर यायला हवी.

हायवेवर ताशी ६० मैल वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ८८ फूट जाते. ३० फूट म्हणजे जेमतेम एक तृतीयांश सेकंद. धोका दिसून ब्रेकवर पाय जायलाच साधारण दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्यात गाडी १३२ फूट पुढे गेलेली असते. पुढच्या गाडीपासून तीन सेकंदांचे अंतर ठेवा असे सांगतात, ते या वेगाला २६४ फूट होते. थोडक्यात, हायवेवर ज्याला आपली पाटी वाचता आली, तो आधीच धोकादायक अंतरावर आलेला आहे.

पिवळा रंग आणि आकार दुरूनही ओळखू येतो, हे मान्य. पार्किंग लॉटमध्ये, डे-केअरच्या दारात, हळू चालणाऱ्या रांगेत पाटीचा उपयोग होऊ शकतो. आपण दार उघडून पट्टे लावत उभे असू, तर मागचा माणूस हॉर्न वाजवण्याआधी जरा थांबेल. पण ती विनंती आहे, संरक्षण नव्हे.

संरक्षण कशाने होते?

ते होते कारसीटने. केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्याच्या आकडेवारीप्रमाणे, मोटारीच्या अपघातात कारसीटमुळे एक वर्षाखालील बाळांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी आणि १ ते ४ वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. मात्र याच खात्याला असेही आढळले आहे की जवळजवळ निम्म्या, म्हणजे ४६ टक्के, कारसीट चुकीच्या पद्धतीने वापरल्या जातात. म्हणून पाटी लावण्याआधी हे तपासा :

१. पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवा. ती कुठल्याही बाजूला इंचाहून जास्त हलता कामा नये.

२. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत पकडता आला, तर तो सैल आहे. छातीवरची क्लिप काखेच्या पातळीवर हवी.

३. थंडीत जाड जॅकेट घालून बाळाला सीटमध्ये बसवू नका. अपघातात जॅकेट दबते आणि पट्टा सैल पडतो. आधी पट्टे लावा, मग वरून पांघरूण घाला.

४. बाळाचे तोंड मागच्या बाजूला असलेली सीट, चालू एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नका.

५. दोन वर्षे झाली की सीट पुढे वळवायची घाई नको. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१८ पासून वयाची अट काढली आहे. सीटवर दिलेल्या वजनाच्या आणि उंचीच्या मर्यादेपर्यंत बाळाला मागे तोंड करूनच बसवावे, असा त्यांचा सल्ला आहे.

आजी-आजोबा आले की

आपल्या घरांतली खरी अडचण इथे येते. भारतातून आलेल्या आजीला रडणारे नातवंड पट्ट्यांत बांधलेले बघवत नाही. "अरे, पाच मिनिटांचा तर रस्ता, दे माझ्या मांडीवर. तुम्ही सगळे मांडीवरच वाढलात ना?" आईला नाही म्हणणे जड जाते, आणि सासूबाईंना तर त्याहून जड.

अशा वेळी मी गणिताचा आधार घेतो. गाडी ताशी ३० मैल वेगाने आदळून दोन फुटांत थांबली, तर २० पौंडांच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे ३०० पौंडांचा जोर लागतो. आजीची माया कितीही मोठी असली, तरी हात तेवढा जोर लावू शकत नाहीत. भारतातही २०१९ च्या दुरुस्ती कायद्याने मुलांना योग्य पट्ट्याशिवाय गाडीतून नेल्यास १००० रुपये दंड ठेवला आहे, हेही सांगावे. मग आजीला मागे बाळाशेजारी बसवा, हातात खुळखुळा द्या. रडे थांबेना तर पुढच्या एक्झिटला गाडी थांबवून बाळाला घ्या. कार्यक्रमाला दहा मिनिटे उशीर झाला तरी चालेल. आपले कार्यक्रम वेळेवर सुरू होतात कुठे!

खिशाचा हिशोब

महागडी सीट म्हणजे जास्त सुरक्षित, असे समजू नका. इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सीटला तेच केंद्रीय मानक पाळावे लागते. आपल्या गाडीत आणि बाळाला नीट बसणारी सीट घ्या. मित्रमंडळींत सीट एकाकडून दुसऱ्याकडे जाते, त्यात प्रेम आहे आणि बचतही. पण तिच्यावरची मुदत संपलेली नाही ना, आणि ती अपघातात सापडलेली नाही ना, हे संकोच न करता विचारा. सीटबरोबर आलेले नोंदणीचे कार्ड भरून पाठवा, म्हणजे दोष निघाल्यास कंपनी कळवू शकेल. मोठ्या किंवा मध्यम अपघातानंतर सीट बदलावी लागते. त्याचा खर्च विमा देतो का, हे एजंटला आजच विचारून ठेवा. आणि प्रशिक्षित तंत्रज्ञाकडून सीट तपासून घेण्याची सोय अनेक गावांत मोफत असते, ती जरूर वापरा.

मग पाटी लावायची का?

जरूर लावा. फक्त आरशातून मागचे दिसण्यात अडथळा येणार नाही अशी, काचेच्या खालच्या कोपऱ्यात. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत काचेवर काय, कुठे आणि किती मोठे लावावे याचेही नियम आहेत. बाळ गाडीत नसेल तेव्हा काढून ठेवलीत तर उत्तम, म्हणजे तिच्या शब्दाला किंमत राहील.

मागचा चालक ती वाचेल न वाचेल, ते आपल्या हाती नाही. ज्याला ती नक्की वाचता येते असा चालक एकच, तो म्हणजे आपण स्वतः. गाडीत बसण्यापूर्वी ती एकदा वाचा, पट्टे तपासा, फोन बाजूला ठेवा आणि मगच किल्ली फिरवा.