राजहंस पाळताय? आधी स्वभाव बघा, मग भाव करा

फार्महाऊसची राखण होईल, अंगणाला शोभा येईल, साप फिरकणार नाही, अशा हिशेबाने राजहंसाची जोडी आणणारे बरेच असतात. घासाघीस होते ती जोडीच्या किमतीवर. खर्च मात्र ठरतो पक्ष्याच्या स्वभावावर, आणि हा पक्षी नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे सहज जगतो. आपल्याकडे बाजारात मिळतो तो बहुधा चोचीच्या मुळाशी गाठ असलेला चिनी जातीचा पाळीव हंस. रानटी हंस पकडणे किंवा पाळणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे कोणी 'तळ्यावरून आणलेला' पक्षी देऊ लागला तर नको म्हणा.

एकटा आणू नका

हंस कळपात राहणारा आहे. एकटा ठेवला तर दिवसभर ओरडतो, नाहीतर माणसाच्या मागे-मागे फिरतो. म्हणून किमान जोडी हवी. एक नर आणि दोन माद्या असतील तर उत्तम. घेताना नराची गाठ मोठी आणि आवाज चिरका, मादीचा आवाज घोगरा, हे बघून घ्या. पण कोवळ्या पक्ष्यात हा फरक कळत नाही. जाणकाराकडून तपासून घ्या, नाहीतर 'जोडी' म्हणून दोन नर पदरात पडतात. अंड्यातून निघाल्यावर माणसाच्या हाताखाली वाढलेले पिल्लू माणसालाच आई समजते. ते माणसाळते खरे, पण पुढे वयात आलेला असा नर माणसाला न घाबरता अंगावर येतो.

अंगावर आला तर

विणीच्या काळात आणि मादी अंड्यांवर बसलेली असताना, म्हणजे साधारण महिनाभर, नर कडक पहारा देतो. आधी मान जमिनीलगत लांब करतो, मग फुसकारतो आणि धावतो. चोचीत कातडी धरून पीळ देतो, पंखाचा तडाखाही जोरदार असतो. अशा वेळी पळू नका आणि मारू नका. हात पसरून ताठ उभे राहा, तोंड त्याच्याकडे ठेवून सावकाश बाजूला व्हा. लहान मुले आणि काठी टेकत चालणारी माणसे घरात असतील तर पक्ष्यांसाठी जाळीचे वेगळे आवार हवेच. हा खर्च टाळता येत नाही.

राखण किती करतो?

ओरडून जागे करण्यात हंस पक्का. स्कॉटलंडमधल्या डंबार्टनच्या मद्य गोदामावर 1959पासून अनेक दशके हंसांचा पहारा होता. पण तो चोरावर ओरडतो तसाच मांजरावर, कुरिअरवाल्यावर आणि शेजाऱ्यावरही ओरडतो, रात्री दोन वाजतासुद्धा. भिंतीला भिंत लागून घर असेल तर हा बेत सोडा. भटक्या कुत्र्यांपुढे तर त्याचाच जीव धोक्यात असतो. सापांचे म्हणाल तर तो हालचाल दिसली की गलका करतो, पण हमी कसलीच नाही. उलट सांडलेल्या दाण्यावर उंदीर येतात आणि उंदरांमागे साप.

जोडीचा हिशेब

खालचे दर हिशेबासाठी धरले आहेत, तुमच्या गावचे भाव घालून बघा.

- जोडी : 3,000 रुपये
- रात्रीचे खुराडे, पक्ष्यामागे 10 चौरस फूट, बारीक वेल्डमेश जाळी आणि कडी : 8,000 रुपये
- टब आणि भांडी : 1,500 रुपये
- दाणा (मका, गहू, भात), पक्ष्याला रोज 200 ग्रॅम, म्हणजे जोडीला वर्षाला 146 किलो, 30 रुपये दराने : 4,380 रुपये
- तूस, जंतनाशक, डॉक्टर : वर्षाला 1,500 रुपये

सुरुवातीचा खर्च 12,500 रुपये, पुढे दरवर्षी 5,880. पंधरा वर्षांत नुसती देखभालच 88,200 रुपयांवर जाते. आवाराचे कुंपण यात धरलेले नाही.

हिरवे गवत भरपूर असेल तर दाणा कमी लागतो. पण परसातली पालक-मेथी आणि कोवळी रोपे त्याला गवताइतकीच आवडतात. तळे नसले तरी चालते. मात्र डोळे आणि नाकपुड्या धुण्यासाठी डोके बुडेल इतके पाणी रोज लागते, आणि ते तो रोज घाण करतो. दिवसभर टाकलेली विष्ठा धुवायला माणूस लागेल, तो मजुरीचा खर्च वेगळा. शिळा पाव घालू नका. वाढत्या पिलांना पोटभर पाव-धान्यच मिळाले तर पंख बाहेर वळतात.

आणण्यापूर्वी

जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पक्ष्यांवर उपचार होतात का ते विचारा. देशात पाळीव पक्ष्यांमधला बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो 2006मध्ये, आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. त्यामुळे पक्षी अचानक मेले तर हात न लावता पशुसंवर्धन खात्याला कळवा.

मोकळे आवार, गवत, लांबवर शेजार आणि घरात कायम कोणीतरी राहणारे, या चार गोष्टी असतील तर राजहंस जरूर आणा. फक्त शनिवार-रविवारी उघडणाऱ्या फार्महाऊसवर मात्र आणू नका. रोज संध्याकाळी खुराड्याची कडी लावायला तिथे माणूस हवा.