कातीचा हिशोब

धान कापून झालं, खरेदी केंद्रावरचे चुकारे खात्यात पडू लागले, की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात कोंबड बाजाराचे, म्हणजे पैसे लावून लढवलेल्या कोंबड्यांच्या झुंजींचे दिवस सुरू होतात. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी बहुतेक नोकरी इथेच झाली. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कोण येणार, हे ठरलेलं असायचं. हातात पिशवी, पिशवीत कोंबडा आणि एकच मागणी : ‘‘टाके मारून द्या ना साहेब, पुढच्या बाजारात उतरवाचा आहे.’’

काती ज्यांनी पाहिली नाही, त्यांच्यासाठी सांगतो. बोटाएवढं, किंचित वाकडं, दाढीच्या पात्यासारखं धारदार पोलाद. असील जातीच्या कोंबड्याच्या पायाला ते दोऱ्याने घट्ट आवळतात. नीट बसलेला एक वार पंखाखालून आत शिरतो. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या पार पोटापर्यंत असतात. त्या फाटल्या की जखमेतून रक्ताबरोबर बुडबुडे येतात आणि कोंबडा चोच वासून श्वास ओढत राहतो. वरून कातडी शिवून त्याचं काही भलं होत नाही. तसे बरेचसे माझ्यापर्यंत यायचेच नाहीत. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा. संध्याकाळी तो त्याच्या चुलीवर.

‘कोंबडे तर अंगणातही भांडतात’ हे उत्तर तयारच असतं. भांडतात ना. पण तिथे कमजोर कोंबडा पळतो आणि भांडण मिटतं. बाजारात पळणाऱ्याला उचलून पुन्हा समोर धरतात. आणि काती माणूस ओळखत नाही. 2021 मध्ये तेलंगणाच्या जगतियाल जिल्ह्यात कोंबड्याच्या पायाची काती मांडीच्या सांध्यात लागून त्याचाच मालक मेला.

पण खरा धिंगाणा रिंगणाबाहेर. प्रत्येक झुंजीमागे बाजार भरवणाऱ्याची नाल म्हणजे कमिशन, शेतमालकाला जागेचे पैसे, कडेला झेंडीमुंडीचा जुगार आणि मोहाची दारू. गडचिरोली जिल्ह्यात 1993 पासून दारूबंदी आहे, हे तिथे उभं राहून सांगावं तरी कुणाला! वर्षाचा चुकारा एका दुपारी घालवलेला माणूस घरी गेल्यावर काय करतो, ते त्याच्या बायकोला विचारा. बचत गटाचा हप्ता तिनेच भरायचा असतो. पोरं शाळा बुडवून बापाचा कोंबडा धरायला जातात, हे मात्र मला सगळ्यात जास्त खुपतं. रक्त पाहून हसायला ती तिथेच शिकतात.

तुमच्या शिवारात बाजार भरत असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. नुसती ‘प्राण्यांना क्रूरतेने वागवतात’ अशी तक्रार देऊन थांबू नका. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे दहा ते पन्नास रुपये. तेवढ्यात कोंबड्याचा एक पायसुद्धा येत नाही. म्हणून तक्रारीत जुगार आणि दारू स्पष्ट लिहा. महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 12 मध्ये सार्वजनिक जागी पक्षी झुंजवण्याचा वेगळा उल्लेख आहे. जागा रात्रीतून बदलते, फोन सकाळी फिरतात; तेव्हा कळल्याबरोबर पोलीस पाटलांना सांगा किंवा 112 लावा. गर्दी जमेपर्यंत थांबलात तर पाळतीवरची पोरं आधीच इशारा देतात. मोबाईल काढून चित्रण करण्याची हिंमत तिथे दाखवू नका. दारू प्यालेले लोक आणि हातात काती, उगाच जिवाशी खेळ. एकट्याने नाव घ्यायची भीती वाटत असेल तर ग्रामसभेत ठराव मांडा, महिला गटांना पुढे करा. हप्ते त्यांचेच थकतात.

असील पाळणाऱ्यांवर माझा राग नाही. अंडी-पिल्लांसाठी पाळा, विका, चांगली जात आहे.

आणि शेत भाड्याने देणाऱ्या भावांनो, ‘मी कुठे कोंबडा उतरवला’ म्हणून सुटका नाही. पैसे घेऊन झुंजीला जागा देणं हाही त्याच 1960 च्या कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. यंदा कुणी बांधावर येऊन विचारलं, तर नाही म्हणा.